किरणांनंतरचा दात



या व्यासपीठावरून आजवर इतिहास, साहित्य, सहकार आणि सीमाप्रश्न अशा विस्तीर्ण विषयांवर व्याख्याने झाली असता, एका दंतशल्यवैद्याने येथे उभे राहून, मुखाच्या कर्करोगासाठी किरणोपचार झालेल्या माणसाचा दात काढावा की काढू नये, आणि काढावयाचा तर केव्हा व कसा, एवढ्याच एका प्रश्नावर तासभर बोलावे, हे आपणांपैकी काहींना फार आखूड वाटेल. निमंत्रण स्वीकारताना मी व्याख्यानमालेच्या चालकांना स्पष्ट कळविले होते की, बोलेन तर याच विषयावर बोलेन. कारण ज्या प्रश्नाची चर्चा वैद्यकीय परिषदांच्या बंद दालनांत होते, त्याचा निकाल बहुतेक वेळा त्या दालनांबाहेरच, म्हणजे रुग्णाच्या घरी, गावच्या दंतवैद्याच्या खुर्चीवर आणि क्वचित आठवडी बाजारात दात काढून देणाऱ्या इसमापुढे लागून जातो.

आपल्या मुलुखाला हा विषय उपरा नाही. बेळगावाहून महामार्गाने उत्तरेस निघाले, संकेश्वर मागे पडले आणि तवंदीचा घाट ओलांडला की निपाणी लागते. आणि निपाणी म्हणजे विडीच्या तंबाखूची पेठ, हे समीकरण आपल्या आज्यापणज्यांपासून चालत आलेले आहे. या तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शेतकऱ्यांनी याच महामार्गावर ठाण मांडले व पोलिसांच्या गोळीबारात काहींनी प्राण गमावले. वखारीत भुकटीच्या धुरळ्यात दिवस काढणाऱ्या बायकांनी आपली संघटना उभी केली, तिच्यावर ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने १९८२ साली बोलपट काढला. तंबाखूने येथे घरे बांधली, मुलांची शिक्षणे केली, लग्ने लावली; तिच्याविषयी बोलताना हे उपकार विसरून चालणार नाही. परंतु तीच तंबाखू तव्यावर भाजून, तिची मशेरी करून, सकाळी उठल्याबरोबर दात स्वच्छ करण्याच्या निमित्ताने आपल्या आयाबहिणी ती हिरड्यांवर घाशीत आल्या आणि पुरुषांनी तीच चुन्याबरोबर मळून गालफडात धरली, याचा हिशेबही त्याच खतावणीत मांडावा लागतो. पुढे गुटख्याच्या पुड्या आल्या. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली व कर्नाटकाने २०१३ साली. मधल्या मुदतीत कोगनोळीच्या नाक्याअलीकडे जो माल कायदेशीर होता तोच पलीकडे बेकायदा ठरत होता, ही गंमत ज्यांनी पाहिली ते आज या सभागृहात बसलेले असतील.

येथे एक शारीर भेद ध्यानात घ्यावा लागतो, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. पाश्चात्त्य देशांत मुख व घशाच्या कर्करोगांपैकी पुष्कळसे जिभेच्या मुळाशी वा गळ्यात आढळतात. आपल्याकडे तंबाखूचा गोळा जेथे तासन्‌तास बसतो, त्या गाल व खालची हिरडी यांमधील खाचेत ते उद्भवतात. ती खाच खालच्या जबड्याच्या हाडाला अगदी लागून असल्यामुळे, कर्करोगावर सोडलेले किरण जबड्यावरही पडतात, आणि त्या जबड्यात तर दात रोवलेले असतात. शिवाय सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचा तंतुमय होऊन आखडण्याचा जो विकार १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत वर्णिला, आणि पाठोपाठ मुंबईच्या जोशींनी ज्याला नाव दिले, तो जडलेल्या रुग्णाचे तोंड किरणोपचारापूर्वीच दोन बोटांपलीकडे उघडत नाही. किरणांनी चावण्याचे स्नायू आखडल्यावर ते आणखी मिटते, आणि मग मागची दाढ काढणे तर दूरच, ती डोळ्यांनी पाहणेही दुर्घट होऊन बसते.

ज्यांची नावे आपण सर्व जाणतो अशा दोन व्यक्तींचा उल्लेख येथे अप्रस्तुत होणार नाही. तासगावचे आर. आर. पाटील, ज्यांना सारा महाराष्ट्र आबा म्हणून ओळखीत असे, ते मुखाच्या कर्करोगाने २०१५ च्या फेब्रुवारीत गेले. शरद पवार यांना २००४ साली हाच रोग झाला. त्यातून ते उठले, आणि सुपारीच्या सवयीची किंमत म्हणून आपले दात काढावे लागले व तोंड उघडणे अवघड झाले, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. राजकारणातील त्यांची मते कोणाला पटोत वा न पटोत, एका मोठ्या पदावरील माणसाने आपल्या मुखातील दातांचा वृत्तांत लोकांपुढे मांडला याचे मूल्य मला फार वाटते. कारण आपल्याकडे रोगी माणूस गाठीविषयी बोलतो, ऑपरेशनविषयी बोलतो, खर्चाविषयी तर बोलतोच बोलतो, पण दात ही क्षुल्लक बाब समजून तिच्याविषयी मौन पाळतो.

आता हाडाकडे वळू. हाड म्हणजे निर्जीव चुनखडी, अशी एक समजूत सुशिक्षितांतही आढळते. वस्तुतः जबड्याचे हाड सदैव झिजत व भरत असते. त्यात जुने हाड खाणाऱ्या पेशी असतात, नवे घडविणाऱ्या पेशी असतात, आणि या दोहोंना पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. दात उपटल्यावर जी खोबण उरते ती प्रथम रक्ताने भरते, त्या रक्ताची गुठळी होते, गुठळीत नव्या रक्तवाहिन्या शिरतात, वरून हिरडी दोन-तीन आठवड्यांत मिटते, आणि आत काही महिन्यांत हाड भरून येते. हे सर्व आपोआप घडते म्हणून त्याचे महत्त्व आपल्याला जाणवत नाही. मुखाच्या कर्करोगावर साधारणतः दररोज २ ग्रे याप्रमाणे, आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे, मिळून ६० ते ७० ग्रे एवढी किरणमात्रा दिली जाते. तिने कर्कपेशी मरतात हे खरे, परंतु मार्गात सापडलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तरही हळूहळू सुजते, जाड होते व वाहिन्या बुजतात. खालच्या जबड्याचे दुर्दैव असे की, त्याचे हाड वरच्या जबड्याहून घन, आणि त्याला रक्त पुरविणारी मुख्य धमनी एकच. ती मंदावली की बाहेरच्या अस्थिवेष्टनातून झिरपणाऱ्या रक्तावरच त्याला भागवावे लागते. ज्या रानाच्या पाटाला पाणी उरले नाही तेथे उभे पीक कसेबसे तग धरते, पण नवी लावण करावयास गेले तर ती जळते. किरण घेतलेल्या जबड्याची स्थिती नेमकी तशी असते. तो रोजचा निर्वाह चालवितो. दात उपटून आपण त्याच्यावर जखम भरून काढण्याची जी नवी मागणी लादतो, ती पुरी करण्याची त्याची ऐपत नसते.

मग खोबण मिटत नाही. हिरडीतून पांढुरके हाड उघडे पडते, त्यावर जंतू बसतात, दुर्गंध येतो, गालाला बाहेरून भोक पडून पू वाहू लागतो, आणि काहींचा जबडा एखादा घास चावताना मोडतो. फ्रान्सचे क्लोद रेगो यांनी १९२२ साली या विकृतीचे वर्णन केले. आम्ही तिला किरणजन्य अस्थिनाश म्हणतो, आणि तीन महिन्यांहून अधिक काळ हाड उघडे राहिले व ते कर्करोगाच्या पुनरागमनाने नाही अशी खातरजमा झाली, तर तिचे निदान पक्के समजतो. प्रथम वाटले की किरण, आघात आणि जंतुसंसर्ग या तिघांच्या संगनमताने हे घडते. १९८३ साली अमेरिकेच्या रॉबर्ट मार्क्स यांनी मुख्य दोष जंतूंकडून काढून घेऊन प्राणवायूच्या, पेशींच्या आणि रक्तवाहिन्यांच्या त्रिविध न्यूनतेकडे दिला. त्यानंतर दोन दशकांनी फ्रान्समधून देलानियाँ व लफे यांनी ऊतींत माजणाऱ्या तंतूंकडे बोट दाखविले.

रेगो यांच्या काळात खुद्द रेडियम हे नवलाचे द्रव्य होते. न्यू जर्सी प्रांतातील ऑरेंज गावी, घड्याळांच्या तबकडीवर अंधारात चमकणारे आकडे रंगविणाऱ्या तरुण मुली कुंचल्याचे टोक ओठांत धरून अणकुचीदार करीत आणि दर वेळी कणभर रेडियम गिळीत. त्यांच्यापैकी कित्येकींचा रोग प्रथम कळला तो दंतवैद्याच्या खुर्चीत: दुखरा दात काढला, खोबण मिटली नाही, शेजारचा काढला, तीही मिटली नाही, आणि पाहता पाहता जबडाच हातात आला. १९२४ साली थिओडोर ब्लम या दंतशल्यवैद्याने त्यास ‘रेडियमचा जबडा’ असे संबोधिले. पोटी गेलेले रेडियम आणि बाहेरून सोडलेले किरण यांत भेद आहे, परंतु त्या मुलींच्या दातांची कैफियत ऐकून जो दंतवैद्य सावध होणार नाही त्याने चिमटा हाती न धरलेला बरा. निपाणीच्या वखारीतील बायकांचे स्मरण मला या प्रसंगी होते. तेथेही रोजंदारी करणाऱ्या हाताला, आपण हाताळतो ते द्रव्य काय आहे, हे सर्वांत शेवटी कळले. तसाच व्हिएन्नाचा सिग्मंड फ्रॉइड. सिगारविना न लिहिणाऱ्या या गृहस्थाला १९२३ साली मुखाचा कर्करोग झाला; पुढील सोळा वर्षांत त्याने तीसहून अधिक शस्त्रक्रिया व रेडियमचे उपचार सोसले, आणि लंडनमधील अखेरच्या वर्षात जबड्यातील मृत अस्थीच्या तुकड्याने त्याला जी पीडा दिली तिचे वर्णन त्याच्या चरित्रकारांनी करून ठेवले आहे.

आता या दुखण्यातील खरी पेचदार गोष्ट सांगतो. किरणांनी केवळ हाडच दुबळे होत नाही. गालातील व जिभेखालील लाळग्रंथीही त्याच मार्गात सापडतात. निरोगी मनुष्याच्या मुखात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते, आणि दातांचे आम्लापासून रक्षण करण्याचे काम ती इतक्या निमूटपणे करीत असते की तिची थोरवी ती आटल्यावरच समजते. लाळ आटली की भाकरीचा तुकडा घशाखाली उतरत नाही, ताकात कालवलेला भात हेच अन्न होते, आणि काही महिन्यांत दातांना, तेही हिरडीलगत मानेपाशी, अशी कीड लागते की दातामागून दात मुळापाशी तुटू लागतो. म्हणजे ज्या किरणांनी दात काढणे धोक्याचे करून ठेवले, त्याच किरणांनी दात काढण्याची पाळी आणली. अलीकडे यंत्रे सुधारली आहेत. किरणांची तीव्रता बदलीत लाळग्रंथी वाचविण्याची जी पद्धत आहे तिची परीक्षा ब्रिटनमध्ये झाली, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, वर्षानंतर मध्यम वा त्याहून तीव्र मुखशुष्कता जुन्या पद्धतीत शंभरांपैकी ७४ जणांत, तर नव्या पद्धतीत ३८ जणांत आढळली. अडतीस हा आकडाही काही थोडा नव्हे.

तेव्हा शहाणपणाची वेळ कोणती? किरणांपूर्वीची. येथे एक जुना शिरस्ता होता, ज्याचे अवशेष अद्यापि दिसतात: किरणोपचार करावयाचे ठरले की मुखातील बरेवाईट सर्व दात सरसकट उपटून टाकावयाचे, म्हणजे पुढे काढण्याचा प्रश्नच नको. हा हुकूम सोपा होता, आणि त्यामागे रुग्णाविषयीच्या कळवळ्यापेक्षा वैद्याची निश्चिंतीच अधिक होती असे माझे मत आहे. निरोगी दात, ज्याच्याभोवती हिरडी घट्ट आहे आणि ज्याची निगा रुग्ण ठेवू शकतो, तो राखावा. मुळाशी पू असलेला, हलणारा, दुरुस्तीपलीकडे किडलेला दात, अर्धवट उगवलेली अक्कलदाढ, आणि विशेषतः भारी किरणमात्रेच्या टप्प्यात येणाऱ्या खालच्या दाढांपैकी ज्यांच्याविषयी शंका आहे अशा, हे सर्व काढावेत. काढल्यापासून किरण सुरू होईपर्यंत निदान दोन आठवडे जखमेला द्यावेत, असे आज जगभरचे तज्ज्ञ सांगतात. पण कर्करोग दोन आठवडे थांबावयास नेहमीच तयार नसतो. आणि शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत हा दुसरा दंडक डोक्यावर असतो. यावर सर्वोत्तम तोड अशी की, गाठ काढण्यासाठी रुग्णाला भूल दिली असता त्याच वेळी काढावयाचे दातही काढून घ्यावेत, म्हणजे एकाच मुदतीत दोन्ही जखमा भरतात. त्यासाठी दंतवैद्याला शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी बोलावून भागत नाही. निदानाचा कागद हाती आला त्याच आठवड्यात त्याने मुख पाहिले पाहिजे. ज्या बेळगावात के. एल. ई. संस्थेचे १९८५ पासूनचे दंत महाविद्यालय आहे, मराठा मंडळाचे दंत महाविद्यालय आहे, आणि २०२५ च्या जानेवारीत राष्ट्रपतींच्या हस्ते नवे कर्करोग रुग्णालयही उघडले गेले, त्या शहरात हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

किरणांनंतर दात काढणे अटळच झाले तर काय करावे, याविषयी आमच्या धंद्यात दोन टोके आहेत. एक टोक घाईचे: पूर्वेतिहास न विचारता दाढ उपटणारे. दुसरे भयाचे: ‘शेक घेतला आहे’ एवढे शब्द कानी पडताच हात आखडून रुग्णाला दाराबाहेर काढणारे. पहिल्यावर टीका पुष्कळ होते. दुसऱ्याविषयी मी आज थोडे कठोर बोलणार आहे. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले असता, किरणोपचारानंतर दात काढलेल्यांपैकी शंभरांत सुमारे सात जणांना अस्थिनाश झाल्याचे दिसते. म्हणजे त्र्याण्णव जणांना होत नाही. उलट मुळाशी पू साठलेला दात तसाच ठेवला तर तो पूच हाडाचा नाश आरंभितो, चिमट्याची वाट पाहत नाही. दारातून परत पाठविलेला रुग्ण दात घेऊन स्वस्थ बसेल ही कल्पना भाबडेपणाची आहे. तो कळ सोसवेनाशी झाली की बाजारातील माणसाकडे जातो, आणि तेथे त्याला ना औषध मिळते ना टाका.

शक्य तेथे दात काढूच नये, हा पहिला मार्ग: मुळातील नस काढून ती पोकळी भरावी, हिरडीच्या पातळीवर दाताचा माथा छाटावा आणि मूळ हाडात तसेच राहू द्यावे, दिसावयास ओबडधोबड, पण हाडाला जखम नाही. काढावाच लागला तर एका बैठकीत एकदोनच दात घ्यावेत, अस्थिवेष्टन शक्य तितके कमी सोलावे, कारण आता त्याच्यातूनच हाड जगत असते, टोकदार कडा घासून गुळगुळीत कराव्यात, हिरडी ताण न देता टाक्यांनी मिटवावी, प्रतिजैविक द्यावे, आणि जखम पूर्ण झाकेपर्यंत दर आठवड्याला डोळ्यांनी पाहावे. त्यावर कवळी बसविण्याची घाई करू नये. यातील एकही गोष्ट अशी नाही की जी निपाणी, चिकोडी किंवा खानापूर येथील शिकलेला दंतवैद्य करू शकणार नाही. मात्र भारी मात्रा मिळालेल्या खालच्या मागच्या दाढेसाठी त्याने शस्त्रवैद्याकडे चिठ्ठी द्यावी, हे उत्तम.

येथे प्राणवायूच्या कोठडीचा वृत्तांत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. हाडाला प्राणवायू कमी पडतो असे मार्क्स यांचे निदान, तेव्हा रुग्णाला दाबाच्या कोठडीत बसवून भरपूर प्राणवायू द्यावा असा तर्क त्यातून निघाला. दात काढण्यापूर्वी वीस बैठका आणि नंतर दहा. १९८५ साली त्यांनी ७४ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला: नुसत्या पेनिसिलिनवर असलेल्या ३७ पैकी ११ जणांना अस्थिनाश झाला, कोठडीत बसलेल्या ३७ पैकी केवळ दोघांना. या एका कोष्टकाच्या बळावर तीस-पस्तीस वर्षे जगभर कोठड्या चालल्या. पुढे ब्रिटनमध्ये १४४ रुग्णांवर हीच परीक्षा पुन्हा घेतली गेली, आणि २०१९ साली तिचा निकाल लागला तेव्हा सहा महिन्यांनंतरचा अस्थिनाश कोठडीत गेलेल्यांत शेकडा ६.४ व न गेलेल्यांत ५.७ निघाला. फरक नाही. मार्क्स यांनी खोटे लिहिले असे नव्हे. त्यांच्या काळचे किरण, त्यांचे रुग्ण व त्यांच्या शस्त्रक्रिया निराळ्या होत्या. पण ज्या महागड्या साधनापासून आपला रुग्ण वंचित राहिला म्हणून आपण हळहळत होतो, ते नसल्याने सर्वसाधारण रुग्णाचे काही अडले नाही, असे निष्पन्न झाल्यावर मला, खरे सांगावयाचे तर, थोडा आनंदच झाला.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र कोणी सांगत नाही. तोंडाच्या मापाच्या पातळ साच्यात फ्लोराइडचे मलम घालून तो रोज काही मिनिटे दातांवर बसविणे, आणि ते जन्मभर करणे. वर्षे लोटली म्हणून हाडाचा धोका संपत नाही. तेव्हा किरणांची शेवटची बैठक झाली, घरी पेढे वाटले, की उपचार संपले, असे रुग्णाने समजू नये. लाकडी काडीने वा चमच्याच्या दांड्याने रोज तोंड ताणून उघडण्याचा व्यायामही तितकाच कंटाळवाणा आणि तितकाच आवश्यक. मशेरी अर्थातच बंद.

शेवटी आपल्या हद्दीचा प्रश्न. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटरांवर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला वा मिरजेला जातो, खानापूरचा बेळगावला वा हुबळीला, आणि ज्याच्या गाठी पैसा किंवा ओळख आहे तो परळला टाटा रुग्णालयात. किरण एका राज्यात मिळतात, दात दुसऱ्या राज्यात दुखतो. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरविले, त्यास कर्नाटक सरकारने हरकत घेतली, आणि त्यानंतर वृत्तपत्रांतून जे व्हावयाचे ते झाले. त्या वादात मी येथे शिरत नाही, त्यासाठी या व्यासपीठावर माझ्याहून योग्य माणसे येऊन गेली आहेत. मला एवढेच दिसते की, रुग्णाचे दप्तर ज्या रुग्णालयात आहे तेथेच राहते, त्याच्या हाती येतो तो घरी परतण्याचा इंग्रजी दाखला, ज्यावर दिवसांची संख्या असते पण जबड्याच्या कोणत्या भागावर किती ग्रे पडले याची नोंद क्वचितच असते. पाच वर्षांनी दाढ दुखू लागते तेव्हा तो दाखला कोठल्या ट्रंकेत आहे हे घरात कोणालाच आठवत नाही; रुग्ण सांगतो, ‘लाइट घेतली होती’, आणि दंतवैद्य समजतो की दातावरचा उजेड.

यास्तव माझी सूचना अशी आहे, आणि ती दोन्ही राज्यांतील रुग्णालयांना, शासनाची वाट न पाहता, आपापल्या छापखान्यात अमलात आणता येईल. किरणोपचार संपलेल्या प्रत्येक रुग्णाला शिधापत्रिकेच्या आकाराचे एक जाड कार्ड द्यावे. त्यावर एका बाजूस मराठीत व दुसऱ्या बाजूस कानडीत, किरणांची पहिली व शेवटची तारीख, एकूण मात्रा, यंत्राचा प्रकार आणि चौकशीचा दूरध्वनी एवढेच लिहावे, व खाली दोन्ही जबड्यांची रेखाकृती छापून, जेथे ५० ग्रेपेक्षा अधिक मात्रा पडली तेवढा भाग पेनने काळा करावा. काळ्या भागातील दात दुखत असेल तर दंतवैद्याने त्या दूरध्वनीवर विचारल्यावाचून चिमटा लावू नये; आणि दुखणारा दात त्या भागाबाहेरचा, समजा डाव्या गालाचे किरण घेतलेल्या माणसाची उजवीकडची वरची दाढ असेल, तर त्याने रुग्णाला कोल्हापूरला किंवा बेळगावला न धाडता, मुखाच्या कोरडेपणाची व आखडलेल्या जबड्याची काळजी घेऊन, नेहमीच्या दक्षतेने ती निपाणीतच काढून द्यावी.